हँडब्रेक खालीच होता

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही. आन माहं तोंड कसं हाय ते आमच्या अख्ख्या खुर्सीपार वस्तीले माहीत हाय — पोटात काही राहतच नाही. शाळेच्या भिंतीवरून उडी मारली ते परत शाळेत गेलोच नाही, हे मीच सांगतो. वरातीत घोडीवरून नालीत पडलो, हेही मीच सांगतो. एका डिझल गाडीत पेट्रोल भरून वरतून गिऱ्हाइकालेच झापलं, तेही. लोकं हासते, मीही हासतो. पण हे? हे निघतच नाही. आज तुमच्यापाशी निघून राहिलं — तं निघू द्या.

मी मेकॅनिक. खुर्सीपारमंदी छोटंसं गॅरेज हाय, चांगलं चालते, देवाची कृपा. माहे सासरे — आमच्यात त्याइले मामाजी म्हणते — रेल्वेत ड्रायव्हर होते. दुर्ग लाइनवर सारी जिंदगी मालगाड्या चालवल्या. रिटायर झाले, मोहन नगरात घर बांधलं, आन एक जुनी लहानशी कार घेतली. कावून घेतली? सासूबाईले डोंगरगढले देवीच्या दर्शनाले न्याचं होतं. ज्या टेसनावरून हा माणूस एवढ्या खेपा गाडी घेऊन गेला, तिथं बायकोले घेऊन कधी उतरलाच नाही. ड्यूटी! "आता मी सोता चालवत नेतो इले," म्हणत. "माह्या हातानं." गल्लीत एकही माणूस उरला नव्हता ज्याले हे सांगितलं नाही. गाडी शिकले, लायसन काढलं, सकाळी रोज एक चक्कर मारत. आन परत आले की उतरून चारही चाकाले उलटा हात लावून पाहत. मालगाडीचं चाक तापलं का ते असंच पाहते म्हणे. मी हासो — मामाजी, गाडीचा ताप पाहता का?

आता मूळ गोष्ट. म्हणजे — मूळ तं पुढंच हाय. पण ह्याच्यातून गेल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

एका रविवारी सासरी जेवाले गेलतो. वडाभात होता. मामाजी म्हणाले, "जावईबुवा, हँडब्रेक धरत नाही. पुलाच्या चढावर गाडी मागं सरकते. टाइम भेटला तं पाहा."

तुमाले हा कायदा माहीतच असन — जावई पाटावर बसल्याशिवाय घरात कोणी घास तोंडात घालत नाही. मी गाडीत, आन अख्खं घर उपाशी. सासूबाई दारातून डोकावून गेल्या. मग साळा आला, प्रकाश. "जिजाजी, नट कसून राहिले का नवीन गाडी बनवून राहिले? वडे थंडे झाले!"

आता हँडब्रेक ढिला असला तं कराचं काय? मागची चाकं उचलाची, ड्रम खोलाचे, आतले ब्रेकशू पाहाचे, ते बरोबर बसवाचे — आन सगळ्यात शेवटी केबल टाइट कराची. हे मले माहीत नव्हतं का? रोजचं काम हाय. पण भूक लागली होती, आन वड्याचा वास थेट गाडीत येऊन राहिला होता. मी सीटवर बसल्या बसल्या लिवरच्या खालचा नट फिरवला, फिरवला, फिरवतच गेलो. लिवर जरासा उचलला की गाडी जाम. "घ्या मामाजी! आता हलली तं माहं नाव बदलून टाका." वडे किती खाल्ले ते विचारू नका.

केबल एवढी ताणली होती, का लिवर पूर्ण खाली टाकला तरी आतले शू ड्रमले घासतच राहत.

त्याच हप्त्यात मामाजीचा फोन आला. "जावईबुवा, मागची चाकं तापून राहिली. गाडी जड ओढते. ब्रेक बाइंडिंग दिसते मले, ब्रेक चाकाले सोडतच नाही."

मी काय म्हणावं? म्हटलं, "मामाजी, रिटायर झाले तुम्ही. हा मालगाडीचा डबा नाही. नवीन नवीन घासते, होईन बरोबर."

दुसऱ्या मेकॅनिककडे ते जाऊ शकत होते. गेले नाही. घरचा जावई मेकॅनिक असताना दुसऱ्याले गाडी दाखवाची? माहा अपमान झाला असता ना!

मग प्रकाशचं साक्षगंध आलं, म्हणजे साखरपुडा, हुडको कॉलनीतल्या एका हॉलमंदी. मामाजी सासूबाईले घेऊन सोता गाडी चालवत आले — कडक प्रेसचा शर्ट, केसाले तेल. आन गेटपाशी गाडी थांबली तं मागच्या चाकातून धूर. जळका वास. वऱ्हाडी धावले, पोरीकडचे धावले, कोणी पाण्याची बालटी घेऊन आला. "जावईले बोलवा, जावईले!" मी ऐटीत आलो. खाली वाकलो, ड्रमले बोट लावलं — चर्रकन भाजलं. बोट भाजलं तसंच समजलं. वडाभात आठवला. नट आठवला.

खिडकीतून आत पाहिलं. हँडब्रेक खालीच होता. पूर्ण खाली.

आन सारे माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते.

मी खिडकीतून हात घातला — कोणाले दिसू नये असा आडवा उभा राहून — लिवर वर ओढला, आन खट्टकन खाली टाकला. साऱ्याइले ऐकू जाईन असा. आन म्हटलं, "अरे मामाजी! हँडब्रेक लावूनच आले का मोहन नगरपासून?"

काय हासले लोकं! कोणी म्हणे, इंजिन असंच चालवत होते का? मीच सगळ्यात जास्त हासवलं. दुसऱ्यावर हासवाची माही सवय नाही — पण त्या दिवशी काय जमलं होतं मले, एकापेक्षा एक. मामाजीनं एकदा आत पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे पाहिलं. "असं कसं झालं?" म्हणाले. हळूच. कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

गाडी गॅरेजमंदी आणली. मागची चाकं उचलली, हातानं फिरवून पाहिली — फिरतच नाही. केबलचा नट ढिला केला, तं दोन्ही चाकं फरफर फिरली. बस. दुसरं काही शोधाचीही गरज नव्हती. ड्रम खोलले, शू जळून काचेसारखे चिकने झालते. नवीन टाकले, आधी शू बसवले, मग केबल — जसं तवा कराले पाहिजे होतं तसं. कोणाले बोललो नाही.

पुढचं तं सारं चांगलंच झालं, खोटं कावून बोलू? डोंगरगढले आम्ही गेलो — गाडी मी चालवली. सासूबाई मागं खिडकीपाशी, खुश. मामाजी माह्या बाजूले. वळण आलं की त्याइचा उजवा पाय खाली दाबला जाये, जिथं काहीच नव्हतं. वाटेत भजे खाल्ले, फोटो काढले. आजही सारे मजेत हाय. मामाजी ठणठणीत, सकाळी पायी फिरते, येईन त्याले सांगते — माहा जावई लय सांभाळून चालवते. जेवाले बसलो की अजूनही पहिला वडा माह्या ताटात. सुखात हाओ आम्ही. मीही हाओ. हेच तं समजत नाही मले — असा माणूस सुखात राहतो कसा?

पण ज्याच्यासाठी बसलो ते राहिलंच. तो खट्ट — तो तं लोकाइच्या समोर, घाबरून, हातून होऊन गेला असं एखादा म्हणन. हे तसं नव्हतं.

गाडी दुरुस्त करून मोहन नगरले पोचवली त्या दुपारी घरात मामाजी एकटेच होते. गॅरेजपासून तिथवर मी एकच वाक्य घोकत आलो होतो — मामाजी, चूक माही होती. तोंडपाठ झालतं. ते ओट्यावर बसले होते, मी चाबी त्याइच्या हाती दिली. मले बाजूले बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "जावईबुवा, खरं सांगा. हसीमजाक सोडून. मी हँडब्रेक खाली टाकला होता असं मले पक्कं वाटते. घरून निघतानाच टाकला होता. पण आजकाल चष्मा विसरतो, काल दूध गॅसवर विसरलो. तुम्ही सोता पाहिलं. खरंच वर होता का?"

कोणी नव्हतं तिथं. कोणी हासणार नव्हतं. रागावणारेही नव्हते ते — मले माहीत होतं, हासून पाठीवर थाप मारली असती.

मी म्हटलं, "हो मामाजी. वर होता."

त्याइनं मान हलवली. "बरं झालं तुमच्या ध्यानात आलं. नाहीतं बुढीले घेऊन कुठं तरी ठोकलो असतो." उठले, आत गेले, कपाटातून दुसरी चाबी आणली, आन दोन्ही चाब्या माह्या हातावर ठेवल्या.

मी खिशात घातल्या.