कावळे कुणाकडं बघत होते

नवसाबाईला रामकुंडावर ओळखत नाही असा माणूस नव्हता. कावळा तर नव्हताच नव्हता.

चार पोरींच्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून तिच्या बापानं, मखमलाबादच्या कोंडाजी माळ्यानं, वणीच्या देवीला नवस केला आणि झाली ही. "देवीनं ऐकलं, पण अर्धंच," असं म्हणून बापानं पोरीचं नावच नवसा ठेवलं. लग्नानंतर ती झेंडूची टोपली घेऊन घाटावर आली आणि एकाच पायरीवर सत्तावीस वर्षं बसली. झेंडू, दर्भ, तीळ, पत्रावळ्या, दहाव्याला लागणारं सगळं तिच्याकडं मिळायचं. पण तिची कीर्ती वेगळ्याच मालाबद्दल होती.

पिंड ठेवला, घरचे हात जोडून लांब उभे राहिले आणि कावळा शिवेना, की लोक कासावीस व्हायचे. गेलेल्या माणसाची इच्छा कुठंतरी अडकली! मग नवसाबाई उठायची, कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, "म्हाताऱ्याला काय आवडायचं? लाजू नका, सांगा." कुणी चोरून विडी सांगायचं, कुणी तमाशा. ती वस्तू ठेवली किंवा तो शब्द उच्चारला, की पाच मिनिटांत कावळा हजर.

ती रोज पहाटे मूठभर शेव टाकून कावळ्यांना घाटाशी बांधून ठेवते, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

घाटावर दहाव्याचे विधी करणारे अप्पागुरुजी म्हणायचे, "नवसाबाई, तुझे कावळे म्हणजे अगदी सरकारी नोकर."

"सरकारी नोकर असते तर आले असते का, गुरुजी?"

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीतली. त्या दिवशी पहिल्यांदाच नवसाबाईच्या कावळ्यांनी संप केला.

शेव तशीच पडली होती. समोरच्या काठावर, भिंतीवर, पन्नासएक कावळे ओळीनं बसले होते. उडत नव्हते, ओरडत नव्हते, आणि पाणी ओलांडून इकडं तर अजिबात येत नव्हते.

पहिला फटका सिन्नरकडच्या दोन भावांना बसला. बापाचं दहावं होतं आणि दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तासभर कावळा आला नाही, तेव्हा थोरला पिंडाला म्हणाला, "नाना, ह्याला सांगा, मी बांध कोरला नव्हता."

धाकटा पिंडाला म्हणाला, "नाना, त्याला सांगा, कोरला होता."

पाऊण तास दोघं मेलेल्या बापामार्फत भांडले. शेवटी थोरल्यानं गोदावरीत, म्हणजे नाशिककरांच्या गंगेत, उभं राहून सांगितलं, "चार हात मागं सरकतो, पण आता नानाला मोकळं करा." धाकट्यानं रडत त्याच्या गळ्यात हात टाकले. कावळा तरीही आला नाही. अप्पागुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि वेगवेगळे आलेले भाऊ एका मोटरसायकलवर बसून गेले.

नवसाबाईला बरं वाटलं आणि वाईटही. बरं भावांचं, वाईट आपल्या नावाचं.

तेवढ्यात लताबाईंचा पिंड मांडला गेला.

लताबाई अशोकस्तंभाजवळ राहायच्या. दहाव्याला आला होता त्यांचा मुलगा महेश, म्हणजे खांद्यावर उपरणं टाकलेला खांबच. त्याची बायको शुभांगी होती, तिशीची, रडून डोळे सुजलेली. आणि वणीहून लताबाईंची सख्खी बहीण आली होती, मंगलाबाई. त्यांचा आवाज असा, की समोरच्या काठावरच्या कावळ्यांनीही माना वळवल्या.

अर्ध्या तासात पिंडाभोवती हॉटेल उभं राहिलं. जिलबी झाली, दोन चमचे साखरेचा चहा झाला, मिसळ झाली, वर शेव वेगळी. कावळे बघत होते. येत नव्हते.

"दर्भाचा करू का?" अप्पागुरुजींनी विचारलं. त्यांना पित्त झालं होतं आणि मागं अजून दोन घरं खोळंबली होती.

"माझ्या बहिणीला गवताचा कावळा?" मंगलाबाई कडाडल्या. "अजिबात चालायचं नाय! तिचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक हाय. सुनेच्या नोकरीत! सासू घरात खोकतेय आणि ही टेलिफोनात बसून हॅलो हॅलो करतेय. शुभांगी, पाण्यात उभी राहा आणि सांग, नोकरी सोडते म्हणून. बघ कसा येतो."

शुभांगीनं महेशकडं पाहिलं.

"म्हणून टाक ना," महेश हळूच म्हणाला. "नंतर बघू."

"गंगेत उभं राहून बोललेलं नंतर बघायचं नसतं," ती म्हणाली. "मी म्हटलं तर मला सोडावी लागेल."

"मग सासूला टांगून ठेव तशीच!" मंगलाबाई म्हणाल्या.

नवा दर्भ आणायच्या निमित्तानं शुभांगी नवसाबाईच्या पायरीशी आली. 

"पोरी," नवसाबाई दर्भ निवडत म्हणाली, "सासूला खरंच तुझी नोकरी नको होती?"

शुभांगीनं नाक पुसलं. "बाई, मी चौकशीला असते. लोक फोन करून नंबर विचारतात, तिथं. आई रोज दुपारी अडीचला फोन करायच्या. आवाज बदलून. 'अहो, जरा कालिका मंदिराचा नंबर द्या.' आम्ही पाच जणी असतो. दुसरीनं उचलला की ठेवून द्यायच्या, मी लागेपर्यंत परत परत करायच्या. मी नंबर दिला की शेजारच्या काकूंना म्हणायच्या, बघितलंत, अख्खं नाशिक माझ्या सुनेला विचारतं."

"आणि हे तू त्या कडाडणाऱ्या बाईला सांगितलं नाही?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं." तिनं समोरच्या काठाकडं पाहिलं. "पण बाई, खरंच असेल तर? मनात काही राहिलं असेल आणि मला कळलंच नसेल तर? कावळा तर येत नाहीये ना."

नवसाबाईनं दर्भाची जुडी तिच्या हातात दिली.  आणि तेवढ्यात तिच्या डोक्यावर कुठंतरी घुंगरू वाजलं.

एकच घुंगरू. छुन्न. थांबलं. परत, छुन्न.

अप्पागुरुजींनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं नमस्कार केला. नवसाबाईनं नमस्कार केला नाही. ती विचार करू लागली. सकाळपासून सगळी माणसं कावळ्यांकडं बघत होती. कावळे कुणाकडं बघतायत, हे कुणीच बघितलं नव्हतं.

तिनं समोरच्या काठावरच्या पन्नास चोचींची दिशा धरली आणि मान वर केली. पिंडांच्या बरोब्बर वर दिव्याचा खांब. खांबावर लाउडस्पीकरचा भोंगा. आणि भोंग्याआड, बाहेर नुसते डोळे आणि वाकडी चोच काढून, एक पक्षी बसला होता.

घार नव्हती. घारीला तिच्या कावळ्यांनी शेपटीला धरून पळवलं असतं. हा वेगळा होता. छाती पुढं, मान ताठ, बघणं असं की घाटाचा सातबारा याच्याच नावावर. एका पायात चामड्याची वादी लोंबत होती आणि वादीला घुंगरू.

"अगं बया," नवसाबाई पुटपुटली. "हा तर कुणाच्या तरी घरचा आहे."

आणि घरचा माणूसही आलाच. निफाडचे रावजी. पांढरी टोपी, पायजमा, उजव्या हातात वेल्डिंगचा कोपरापर्यंतचा हातमोजा आणि डाव्या हातात स्टीलचा डबा. घाटावर असा माणूस लपत नाही, तरी बिचारे लपतछपत चालले होते.

"मावशी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हितं एखादा पक्षी... म्हणजे जरा मोठाच..."

"घुंगरू घातलेला?"

रावजी मटकन पायरीवर बसले. "कालपासनं हिंडतोय. चांदोरीला म्हणले ओढा गावाला गेला, ओढा गावात म्हणले नाशकाला गेला. ससाणा हाय, मावशी. द्राक्षाला पोपट लय तरास देत्यात. एक जण म्हणला, शिकवलेला ससाणा ठेवा, पोपट पळतील. आणला. पोपट हायेत तितंच, हाच पळाला! पण हळू बोला. फॉरेस्टवाल्यांना कळलं तर मलाच पिंजऱ्यात टाकत्याल."

"नाव काय त्याचं?"

रावजी लाजले. "विकणाऱ्यानं सुलतान सांगितलं व्हतं. बायको जावई म्हणती. रोज मटण लागतं, आणि काम काय नाय."

"डब्यात तेच आहे?"

"व्हय." त्यांनी डबा उघडायला घेतला.

नवसाबाईनं झाकणावर हात मारला. "इथं उघडलात तर गुरुजी तुमचाच पिंड मांडतील! होळकर पुलावर जा. मधोमध उभे राहा, तिथनं बोलवा. येईल ना?"

"भुकेला असंल तर येईल."

"जावई हाय म्हणता, मग असंलच की. पळा!"

रावजी पळाले. नवसाबाईनं कपाळाचा घाम पुसला आणि वळून बघितलं, तर शुभांगी घोट्याएवढ्या पाण्यात उभी. मंगलाबाई तिच्या शेजारी पदर खोचून, पाण्यातच. शुभांगीनं हात जोडले.

"आई, मी... मी तुमच्यासमोर वचन..."

"थांब, पोरी!"

सगळा घाट वळला. नवसाबाई टोपली ओलांडून, झेंडू तुडवत, तरातरा खाली उतरली.

"तू कोण गं मधी बोलणारी?" मंगलाबाईंनी विचारलं.

"मी कावळ्याकडची," नवसाबाई म्हणाली.

कुणीतरी खिदळलं. नवसाबाईची एक नजर मंगलाबाईंवर होती आणि एक पुलावर. तिथं पांढरी टोपी दिसली. मग हातमोजा वर गेला. शिट्टी इथपर्यंत ऐकू आली नाही, पण डोक्यावर घुंगरू वाजलं. छुन्न. छुन्न छुन्न. एक सावली पाण्यावरून सरकत पुलाकडं गेली.

समोरच्या भिंतीवर पहिल्या कावळ्यानं पंख झाडले. पहाटेपासून उपाशी. एवढा वेळ मिसळ, जिलबी आणि चहा नुसता लांबून बघितलेला. आता फार तर मिनिटभर होतं, नवसाबाईनं ओळखलं.

"ताई," ती घाईनं म्हणाली, "जिलबी झाली, मिसळ झाली. सगळं म्हणून बघितलं. आता एकदा उलटं म्हणून बघा."

"उलटं म्हंजे?"

"सुनेनं नोकरी करावी, असं म्हणा."

"माझी जीभ झडली तरी म्हणणार नाय!"

भिंतीवरचे दोन कावळे उडाले.

"म्हणा हो, मंगलाबाई," अप्पागुरुजी पोटाशी हात धरून कळवळले. "बारा वाजायला आले."

"मावशी, म्हण ना," उपरण्यातला खांब बोलला. "नाही आला तर तुझंच खरं."

तो मुद्दा मंगलाबाईंना पटला. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान वेळावली आणि नकला करत, सगळ्या पंचवटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरं बाई! लते, ऐकतेस ना? तुझ्या सुनेनं रिटायर होईस्तवर टेलिफोनात बसावं! हॅलो हॅलो करावं! हेच तुझ्या मनात असंल, तर ये, खा जिलबी!"

जिलबी हा शब्द पुरता बाहेर पडला नव्हता, तोच थप्पकन कावळा उतरला. त्यानं पिंडात चोच घातली. मग दुसरा. मग पन्नास. पिंड दिसेना, मिसळ दिसेना, एकानं तर चहाचा कपच आडवा केला.

सगळ्या घाटानं हात जोडले.

"शिवला," अप्पागुरुजी म्हणाले.

"पण मी... मी चेष्टेनं म्हटलं!" मंगलाबाईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला होता.

"कावळ्याला चेष्टा कळत नाही," गुरुजी सामान आवरत म्हणाले. "आणि तुम्ही गंगेत उभ्या आहात."

मंगलाबाईंनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं आणि टुणकन पाण्याबाहेर उडी मारली. पण आता उशीर झाला होता. थोड्या वेळानं त्यांनीच शुभांगीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "हट्टीच होती ती. सांगायची नाय मनातलं कधी." मग डोळे पुसून विचारलं, "टेलिफोनात एसटीची वेळ पण सांगतात का गं?"

शुभांगी जाता जाता वळली. तिनं एकदा रिकाम्या भोंग्याकडं पाहिलं, एकदा पुलाकडं, एकदा नवसाबाईकडं. नवसाबाई तुडवलेला झेंडू निवडत होती. तिनं मान वर केलीच नाही.

रावजींचा जावई महिनाभरानं पुन्हा गेला, म्हणे. या खेपेला त्यांच्या बायकोनंच वादी कापली, घुंगरू काढून कपाटात ठेवलं आणि त्याला मोकळं केलं. पोपट आहेत तिथंच आहेत. सिन्नरच्या भावांना ससाण्याचं कुणी सांगितलं नाही. वर्षश्राद्धाला ते एकत्र आले आणि नवसाबाईसाठी शेताच्या कडेच्या बोरांची पिशवी घेऊन आले. बांध सरकल्यावर बोर नेमकी मधोमध आली होती. "कावळ्यांनाही द्या," थोरला म्हणाला.

पण त्याआधीची, दहाव्यानंतरच्या आठवड्यातली एक गोष्ट राहिली. दुपारी घाट निवांत असताना नवसाबाई उठली, पदर सारखा केला आणि पानाच्या टपरीवरच्या लाल डब्याच्या फोनशी गेली. पानवाल्याकडून चौकशीचा नंबर फिरवून घेतला. पहिल्यांदा भलतीच बाई लागली. ठेवून दिला. दुसऱ्यांदा आणखी तिसरीच. ठेवला. घड्याळात अडीच वाजले होते.

"नमस्कार, चौकशी," शुभांगीचा आवाज आला.

नवसाबाईनं आवाज बदलला. "जरा कालिका मंदिराचा नंबर द्या हो."

पलीकडं पेन खाली पडल्याचा आवाज आला. मग फार सावकाश, "कोण... कोण बोलतंय?"

"कावळा," नवसाबाई म्हणाली.