एका आवाजापुरती तार

दादाचं सगळं आयुष्य कानावर चाललं होतं. रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक म्हणून तो लागला तेव्हा आवाज फितीवर घेत असत. बोलणाऱ्याचा खोकला, खुर्चीची करकर, वाक्याआधी ओढलेला मोठा श्वास, हे सगळं तो ब्लेडनं फितीतून कापून काढायचा आणि टोकं अशी जुळवायचा, की आपण कुठे खोकलो होतो ते खुद्द खोकणाऱ्यालाही सापडू नये. घरातही तेच. पंखा आता फार दिवस काढणार नाही, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा आणि पंखा खरोखर बसायचा. सगळे म्हणायचे, दादानंच नजर लावली असणार.

निवृत्तीनंतर त्यानं आणि वहिनीनं घरातच काम सुरू केलं. वहिनी शाळेत शिकवायची आणि वाचायची फार छान. ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची, दादा ते वाचन साफ करायचा आणि एक प्रकाशक ती ऐकायची पुस्तकं म्हणून काढायचा. कपड्यांच्या मोठ्या कपाटातले कप्पे काढून, आतून जाड रजया ठोकून दादानं तिच्यासाठी वाचनाची जागा केली होती. "हिवाळ्यातला कोट ठेवावा तसं मला कपाटात ठेवलंय यांनी," असं वहिनी पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुणे गेले की पुन्हा आत जाऊन दार ओढून घ्यायची.

कपाटातला संगणक आणि मागच्या खोलीतला दादाचा संगणक यांच्यामध्ये, पॅसेजमधल्या फळीवर, एक सामाईक डिस्क होती. वहिनीनं वाचलेलं थेट तिच्यावर जाई आणि दादा आपल्या खोलीतून तीच फाइल उघडून साफ करी. ही सगळी जोडणी दादाच्या धाकट्या भावानं केलेली. लोकांच्या घरी, दुकानांत नेटवर्क लावून देणं हाच त्याचा धंदा होता. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी या घरात तो बारक्याच होता.

गेल्या काही महिन्यांत प्रकाशकानं एक पुस्तक परत पाठवलं. मग दुसरं. श्वास तसेच राहिले आहेत, पानांची सळसळ येते, 'स' शिट्टी मारतो, अशी तक्रार होती. माणूस जुन्या ओळखीचा. त्यानं संकोचत वहिनीला फोनवर सांगितलं, की तिसरंही असंच आलं तर साफ करायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. वहिनीनं हे दादाला सांगितलं, पण अर्धंच. काम जाईल हे सांगितलं. प्रकाशक आणखी काय म्हणाला ते गिळून टाकलं.

दादाला दोष कुठे आहे ते ठाऊक होतं. डिस्क. त्यानं बारक्याला बोलावून घेतलं.

"ये," दारातच तो म्हणाला. "आता जे चालू आहे तेही बंद पडणार."

"दुप्पट पैसे घेईन," बारक्या बूट काढत म्हणाला. "सांग, होतं काय?"

"आवाज येता येता अडकतो. शब्दांची टोकं गळतात. फाइल उघडायला घेतली की माणूस आंघोळ करून येईल इतका वेळ. मला जो श्वास ऐकूच आला नाही, तो मी कापू कसा?"

बारक्या पॅसेजमध्ये मांडी घालून बसला. आधी त्यानं डिस्क तपासली; ती ठणठणीत होती. भरलेलीही नव्हती. मग दादाच्या संगणकावर मागून काही चालू आहे का ते पाहिलं. नंतर एक मोठी फाइल डिस्कवरून दादाच्या खोलीत आणून पाहिली, आणि भुवई वर केली. ती खरंच रखडत होती, खडीच्या रस्त्यावरून सायकल जावी तशी. वेगाचा आकडा एका जागी चिकटून बसला होता, आणि तो आकडा बारक्याच्या रोजच्या ओळखीचा होता. डिस्क आजारी असली की वेग खालीवर होतो. तो एका जागी ठाम बसला, तर वाटच अरुंद असते.

"दादा, तुझं खरं आहे. हळूच चाललंय."

"मग काय मी खोटं सांगतोय?" दादा म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की बारक्याला हसू फुटलं. डॉक्टरनं आजार मान्य केल्यावर काही रोगी असेच खूश होतात.

डिस्कशेजारी सगळ्या तारा एकत्र येणारा जोडणीचा डबा होता. त्यावर दादाच्या खोलीचा दिवा हिरवा असायला हवा होता, तो पिवळा होता. बारक्यानं तार हातात घेऊन फळीच्या मागे पाहिलं. तिथे त्यानं स्वतः टाकलेली निळी तार नव्हती. एक जुनी, करडी, पिळवटलेली तार होती. त्याच्या आधीच्या जोडणीतली, आतल्या अर्ध्या तारा मेलेली. निळी तार त्याला फळीच्या खालच्या खणात सापडली. नीट वेटोळं करून, कापडी पट्टीनं बांधून ठेवलेली.

उंदीर काही असं वेटोळं करत नाहीत, असं त्याच्या मनात आलं. आणखीही एक गोष्ट आली. करडी तार कितीही भिकार असली, तरी एका माणसाचं बोलणं न्यायला ती पुरून उरते. फाइल उघडायला उशीर होईल, पण शब्दाचं टोक गळणार नाही. हा विचार माशीसारखा आला आणि त्यानं तो माशीसारखाच हाकलला. बिघाड हातात सापडलेल्या माणसाला दुसरं काही ऐकायचं नसतं.

कपाटाचं दार उघडून वहिनी बाहेर आली, तेव्हा तो निळी तार सोडवत होता.

"भावजी, ते राहू द्या आज," ती म्हणाली. "जेवून घ्या आधी."

"झालंच वहिनी. बघा, कुणीतरी जुनी तार लावून ठेवली होती. कामवाल्या बाईचा प्रताप?"

"असू दे ना जुनीच. चालतंय ते."

"चालत नाहीये म्हणून तर मी आलोय!" तो हसला आणि त्यानं निळी तार खोचली. टक् असा आवाज झाला. दिवा हिरवा झाला.

वहिनी त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून हळूच खाली बसली, आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की बारक्याला पुढे वाकावं लागलं.

"मी बदलली ती."

"तुम्ही? का?"

"फोन वाजला तरी हे उठेनात. मी मागून हाक मारली की डिस्ककडे बघून वैतागायचे. मग पहिलं पुस्तक परत आलं. मी ते ऐकलं, भावजी. माझे सगळे श्वास जिथल्या तिथे होते. फाइल कुठेही अडकत नव्हती. प्रकाशकही फोनवर म्हणाले, यांचे कान तपासून घ्या; ते मी यांना सांगितलंच नाही. आणि हे रोज म्हणत, डिस्क खराब झाली, डिस्क खराब झाली. डिस्कच खराब असावी असं मला इतकं वाटत होतं, की शेवटी मीच ती खराब केली. म्हटलं, निदान यांचं बोलणं तरी खरं ठरू दे."

बारक्याचा हात तारेकडे गेला. ती उपसून काढायला क्षणही लागला नसता. तेवढ्यात मागच्या खोलीतून दादाचा आवाज आला. आनंदात तो नेहमी मोठ्यानं बोले. आता जरा जास्तच मोठ्यानं.

"अरे, नुसतं उडतंय! बारक्या! पापणी लवायच्या आत उघडली फाइल! अगं, तूही ये! आता बघा तिसरं पुस्तक कसं जातं ते!"

दोघं उठून गेली. दादानं कानावर हेडफोन चढवले होते आणि पडद्यावर वहिनीच्या आवाजाची रेघ डोंगरासारखी वरखाली होत सरकत होती. दादा हसत होता. मग त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यानं फाइल मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा मागे नेली.



कामात दादा कधी घाईला आला नव्हता. आताही आला नाही. त्यानं फाइल डिस्कवरून आपल्या संगणकावर उतरवून घेतली, म्हणजे तारेचा संबंधच उरला नाही. ऐकली. मग खणातले जुने हेडफोन काढून लावले. ऐकली. डावा कान झाकून उजव्यानं, उजवा झाकून डाव्यानं. एकेक संशयित त्यानं शांतपणे सोडून दिला. बारक्या लोकांच्या घरी रोज हेच करायचा. शेवटी जे उरेल ते खराब, ही या धंद्यातली पहिली शिकवण, आणि ती त्यानं दादाकडूनच घेतली होती.

दादानं हेडफोन काढून बारक्याच्या कानावर घातले.

"ऐक. कुठे गळतंय सांग."

बारक्याला वहिनीचा आवाज आला. स्वच्छ. वाक्याआधीचा श्वास, पान उलटल्याची सळसळ, 'स'ची बारीक शिट्टी. काहीही गळत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "अडकतंय थोडंसं. बहुतेक डिस्कच बदलावी लागेल, दादा. उद्या नवी घेऊन येतो."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. "लहानपणी खोटं बोललास की तुझा आवाज एक पट्टी चढायचा. आई फसायची, मी कधी नाही." तो पुढे वाकला. "आत्ता चढला होता का रे?"

बारक्यानं हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

"चढलाच असेल. मला तुझ्या तोंडावरून कळलं."

"अहो," वहिनी पुढे झाली. "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. उद्याच जाऊ. हल्ली इतकी बारीक यंत्रं मिळतात, दिसतसुद्धा नाहीत. लोक लावतात, व्यवस्थित ऐकू येतं त्यांना."

"जाऊ ना. नाही कशाला म्हणू? ऐकू येईल." त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "पण कुठला आवाज तुझा आणि कुठला त्या यंत्रानं केलेला, ते मला कोण सांगणार? प्रकाशकाला फोन कर. साफ करायचं काम दुसऱ्याला दे म्हणावं. तू वाचत राहा."

"मी दुसऱ्या कुणासाठी वाचणार नाही."

"वेडेपणा करू नकोस. वाचणारी तू चांगली आहेस. दोष तुझ्यात नाहीये." मग त्यानं विचारलं, "किती दिवस माहीत होतं तुला?"

 वहिनीनं मान खाली घातली, आणि दादानं पुन्हा विचारलं नाही.

बारक्या आपली हत्यारं पिशवीत भरू लागला. काहीतरी करत राहायचं म्हणून त्यानं तीच पिशवी रिकामी करून पुन्हा भरली.

"ते पान आण," दादा एकदम म्हणाला. "आज वाचलंस ते. इथे बस. कपाटात नको, माझ्यासमोर."

वहिनीनं पुस्तक आणलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली. पहिलं वाक्य तिनं नकळत मोठ्यानं सुरू केलं.

"ओरडू नकोस. नेहमीसारखं वाच."

ती नेहमीसारखी वाचू लागली. मृदू, सावकाश, ज्या आवाजात तिनं कितीतरी वर्गांना आणि नंतर त्या कपाटाला वाचून दाखवलं होतं. दादा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याची मान किंचित तिरकी झाली होती, ऐकताना नेहमी व्हायची तशी. पान अर्ध्यावर आलं असेल नसेल, त्यानं हात वर केला.

"इथे श्वास आला."

बारक्या दोन हातांच्या अंतरावर उभा होता. श्वास आला नव्हता. वाक्य धाग्यासारखं सलग गेलं होतं. त्याहून स्वच्छ ते वाचताच आलं नसतं.

वहिनीनं पुस्तकावरून डोळे वर केले.

"हो, आला," ती म्हणाली. "पुन्हा घेते." आणि तेच वाक्य तिनं पहिल्या शब्दापासून परत सुरू केलं.