दारावर राहिलेला शब्द

कुर्ली टेबलाच्या कडेपर्यंत पोचली होती आणि पहिल्या बाकावरची मुले मागे सरकून उभी होती. टेबलामागे सुती साडीतल्या एक वयस्कर बाई हात बांधून उभ्या होत्या.

"ग्रॅब," त्या म्हणाल्या. "कोण दाखयता?"

कोणी हलेना.

"बाई, नांगी मारतली ती."

"मारूंदे. धरूक भियतंस, तर शब्द कित्याक काढलंस?"

शब्द काढणारा मुलगा पुढे आला. त्याने कुर्ली पाठीमागून धरून उचलली आणि डोक्यावर नेली. तिचे आठही पाय हवेत चालत राहिले. वर्ग एकसुरात "क्रॅब, ग्रॅब" म्हणाला. कुर्ली बादलीत गेली. मग बाईंचे लक्ष दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेले आणि त्यांची भाषा बदलली.

"आपण इंग्रजीचे नवीन शिक्षक ना? या. शेवटच्या बाकावर जागा आहे."

श्रीमती कुमुद नेरुरकर यांची आणि माझी ही पहिली भेट. तोंडवलीच्या शाळेत मी त्याच सकाळी रुजू झालो होतो. बाई तेव्हा निवृत्त झालेल्या होत्या, पण शनिवारचा एक तास त्यांनी सोडला नव्हता. वेळापत्रकात त्या तासाला नाव नव्हते. मुले त्याला यमकाचा तास म्हणत.

बाईंच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहे. मी त्या एका तासापुरतेच लिहितो, कारण मी बाईंना ओळखतो तो त्या तासातून.

रीत साधी होती. बाई फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहीत. सगळी मुले उभी राहत. प्रत्येकाने त्याच्याशी जुळणारा एक शब्द सांगायचा आणि लगेच त्याचा अर्थ दाखवायचा. सांगायचा नाही, दाखवायचा. वस्तू असेल तर आणायची, कृती असेल तर करायची, यातले काही जमले नाही तर जिथे तो अर्थ दिसेल तिथे बोट करायचे. नुसता शब्द आठवला आणि अर्थ ठाऊक नसला, तर मुलाने आपणहून खाली बसायचे. बस, असे कोणी म्हणत नसे. तो शब्द वर्गाच्या मागच्या दारावर खडूने लिहिला जाई आणि त्याचा अर्थ कोणीतरी आणीपर्यंत तिथेच राही. बसलेल्या मुलाने पुढे कधीही अर्थ आणला, तर तो पुन्हा उभा राही आणि शब्द पुसला जाई.

"यमक गावला, म्हणान शब्द गावलो असो नाय," एवढेच एक वाक्य त्या वारंवार म्हणत.

मी साहित्य शिकून आलो होतो. यमकाला अर्थापासून सोडवून पाहण्याची मला सवय होती. बाईंना ती सवय मान्य नव्हती, पण त्यांनी तसे कधी बोलून दाखवले नाही. एकदा शिक्षकखोलीत मी म्हटले, की अमूर्त शब्द असे दाखवता येणार नाहीत. बाई चहा पीत होत्या. त्यांनी चहा संपवला.

पुढच्या शनिवारी फळ्यावर 'नेट' होता. जाळे खिडकीतूनच दिसत होते. 'वेट'साठी एका मुलीने पाण्याची बाटली मित्राच्या मानेवर उपडी केली. 'जेट'साठी एक जण हात पसरून व्हरांड्याला फेरी मारून आला. मग कोणीतरी 'रिग्रेट' म्हणाले. वर्ग थांबला. बाईंनी नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या एका मुलाला पुढे बोलावले. त्याने आदल्या दिवशी ओला काजू दातांनी फोडला होता. चिकाने त्याचे ओठ सुजून फुटले होते.

"परत खातलंस?" बाईंनी विचारले.

त्याने मान हलवली. बोलता येत नव्हते.

"ह्यो बघा रिग्रेट," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. तो मुलगाही हसला आणि ओठ ताणल्यामुळे पुन्हा कळवळला. बाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून त्याच्या हातात दिली. ती त्यांनी घरूनच आणलेली होती.

बाईंचा जिव्हाळा असाच असे. त्याला शब्द कमी लागत. त्या पावसाळ्यात मी भाड्याच्या खोलीत तापाने पडून होतो. चौथ्या घरातली मुलगी पेजेचा डबा आणि लिंबाचे लोणचे घेऊन आली. बाईंचा निरोप होता : "डबो धुवान पाठय." डबा रोज येत राहिला. मी बरा होऊन आभार मानायला गेलो, तेव्हा बाई अंगणात कोकम वाळत घालत होत्या. त्यांनी सुपातली अर्धी कोकमे वाळत घालायला माझ्याकडे सरकवली. आभाराचा विषय निघाला नाही.

आता मयुरीविषयी.

मयुरी दहावीत होती. तिचे वडील बाबल मासेमारीच्या होडीवर जात आणि होडी किनाऱ्याला असली, की बर्फ फोडून पेट्या भरण्याचे काम करत. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी तालुक्याच्या इंग्रजी यमकसाखळी स्पर्धेत मयुरीचे नाव दिले आणि तयारीसाठी यमकांचे छापील कागद आणले. त्यांत शब्द पुष्कळ होते, अर्थ नव्हते. स्पर्धेत अर्थ विचारत नसत. मयुरीने ते कागद पाठ केले.

तिला जिंकायचे होते, त्याला कारण होते. दहावीनंतर तिला जामसंड्याला मावशीकडे राहून शिकायचे होते. बाबलच्या मनात तिने काकाच्या होमस्टेत हाताखाली राहावे असे होते. पर्यटक वाढले होते आणि चादरी धुवायला, नाश्ता करायला घरचे माणूस बरे. खूप विनवण्यांनंतर तो म्हणाला होता, "तालुक्यात पयलो नंबर काढ, मगे बगूया."

बाईंना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी कागद पाहिले आणि परत दिले. "स्पर्धा त्यांची, नियम त्यांचे," असे त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. मयुरीला त्यांनी काहीच सांगितले नाही.

स्पर्धा मालवणला होती. मी सोबत गेलो होतो. दुपारपर्यंत व्यासपीठावर दोघेच उरले : मयुरी आणि शहरातल्या शाळेतला एक मुलगा. शब्द होता 'स्ट्रीट'. मुलाने 'मीट' म्हटले, मयुरीने 'फीट'. 'हीट', 'शीट', 'नीट', 'व्हीट' झाले. तो मुलगा अडखळू लागला होता. मयुरीची पाळी आली. ती म्हणाली, "स्लीट."

परीक्षकांनी शब्द मान्य केला. मुलाने घाम पुसला. त्याच्याकडे शब्द नव्हता, हे सभागृहातल्या सगळ्यांना दिसत होते.

मयुरीने स्वतःच्या हातांकडे पाहिले. मग ती खाली बसली.

खुर्ची नव्हती. ती व्यासपीठाच्या फळ्यांवर मांडी घालून बसली, शनिवारी वर्गात आपणहून बसत असे तशी. परीक्षकांना वाटले, तिला चक्कर आली. त्यांनी विचारले. ती म्हणाली, "माका अर्थ म्हायत नाय." अर्थ विचारलेलाच नाही, असे त्यांनी तिला समजावले आणि उठायला सांगितले. ती उठली नाही. मला वाटते, तिला उठता आले नाही. माघार घेतली असे धरून बक्षीस त्या मुलाला मिळाले.

परतीच्या एसटीत तिने मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. पाऊस आणि बर्फ एकत्र पडतो, असे मी सांगितले. मीही तो कधी पाहिलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी बाई बाबलच्या घरी गेल्या. मला त्यांनी बरोबर घेतले. बाबल पडवीत जाळे विणत होता. त्याने पाट पुढे केला, पण हातातली सुई थांबवली नाही.

"तेका बसाक कोणी शिकयलेल्यान? तुमीच मां, बाई?"

"होय. मीच."

"जिंकलां असतां, तर धाडलंय असतंय. आता काय? शब्द बोल्लां आणि सोताच बसलां. सगळो मालवण हसलो आसतलो." त्याने गाठ आवळली. "आणि अर्थ तरी काय तेचो?"

"पाऊस आणि बर्फ एकदम पडता."

बाबल हसला. हसणे बराच वेळ चालले.

"हंय? तोंडवलेत? ज्याचो अर्थ हंय गावचोच नाय, तो शब्द शिकान काय करूचा, ता सांगा माका."

आतून मयुरीची आई म्हणाली, "बर्फाचो पाऊस होयो, तर देवळात गाऱ्हाणां घाला, बाई! तुमचा आयकात तो!"

मला वाटले होते, त्या शिक्षणाविषयी काही बोलतील.

"माका म्हायत नाय, बाबल," त्या म्हणाल्या. "शिकान काय करूचा, ता माका सांगूक येवचा नाय. पण माझ्या वर्गात जो बसता, तो अर्थ हाडून परत उभो रवता. तिचो तो हक्क आसा. तिणी अर्थ दाखयल्यान, तर धाडशील?"

"बर्फाचो पाऊस?"

"होय."

"पाडूंदे. जूनाक धाडतंय," बाबल म्हणाला आणि पुन्हा हसला. मयुरी चुलीपाशी होती. तिने आम्हाला चहा आणून दिला.

परतताना बाई पुळणीच्या रेताड वाटेने माझ्यापुढे चालत होत्या. बंद पडलेल्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीपाशी त्या थांबल्या. "नियम माझ्या चार भिंतींतला होता," त्या म्हणाल्या. "ती तो बाहेर घेऊन गेली. मी तिचं नुकसान केलं की काय, ते मला सांगता येत नाही." शाळेवरून जाताना त्यांनी वर्ग उघडून घेतला आणि मागच्या दारावर 'स्लीट' लिहिला. अक्षर नेहमीचेच होते, वळणदार आणि ठसठशीत.

बाईंना आता पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेची चढण चढताना त्या मध्ये एकदा थांबतात आणि थांबले नव्हते, समुद्र पाहत होते, असे दाखवतात. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे आज विजयदुर्गापासून गोव्यापर्यंत कामाला आहेत. त्यांतली काही इंग्रजी बोलतात, बरीचशी बोलत नाहीत. पण न कळलेला शब्द वापरताना ती क्षणभर अडतात, हे मी पाहिले आहे. एका शिक्षिकेकडून याहून अधिक काय मिळावे, याचा मी विचार केला, आणि मला काही सुचले नाही. या ग्रंथात लिहिणाऱ्या आम्हा सर्वांची इच्छा एवढीच, की ती चढण बाईंच्या गुडघ्यांना आणखी पुष्कळ वर्षे मानवावी, त्यांची दृष्टी आणि त्यांचा खणखणीत आवाज असाच राहावा, आणि मागच्या दारावर त्यांच्यासाठी नेहमी एखादा शब्द पुसायचा शिल्लक असावा.

त्या संध्याकाळनंतरचे सांगायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, मी शाळेत पोचलो तेव्हा मुले अंगणात गोल करून उभी होती. व्हरांड्याच्या कठड्यावर बाबल उभा होता. त्याच्या पायाशी मासळीची पेटी होती आणि ती फोडलेल्या बर्फाच्या चुऱ्याने भरलेली होती. शेजारी मयुरी घरची चाळण आणि पाण्याची कळशी घेऊन उभी होती. बाई खाली अंगणात होत्या.

"बाई, बाजूक व्हवा. भिजतल्यात," बाबल म्हणाला.

बाई हलल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी छत्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मयुरीने चाळणीत पाणी ओतले आणि बाबलने दोन्ही हातांनी बर्फ वर उधळला. बर्फ आणि पाणी एकदम खाली आले. त्याला बांगड्याचा वास होता. मुले ओरडत आत शिरली. बाबल पेटी रिकामी होईपर्यंत थांबला नाही.

"ह्योच मां?" त्याने वरून विचारले.

"ह्योच," बाई म्हणाल्या. त्यांच्या केसांत बर्फ होता.

"जूनाक," बाबल म्हणाला आणि पेटी उचलून किनाऱ्याकडे गेला.

बाई वर्गात गेल्या. त्यांनी ओल्या पदराने दारावरचा शब्द पुसला. मग हजेरी घेतली. सगळी मुले खाली बसली. मयुरी उभी होती.