पट्टी काळी पाच

भीतीवर औषध सांगायला कुणाला पदवी लागत नाही. रेडिओच्या ऑडिशनला मी तिसऱ्यांदा निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या, मिरं घालून कुटलेली खडीसाखर होती आणि जावेनं दिलेली अंगाऱ्याची पुडी होती. शिवाय फोनमध्ये श्वास कसा घ्यायचा ते शिकवणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ होते. हळू आत घ्या, धरून ठेवा, हळू सोडा. मी धरून ठेवायची आणि तेवढ्यात गाण्याची ओळ विसरायची. ताक आठवडाभर बंद होतं, लोणचं बंद होतं, सुनेशी मोठ्यानं बोलणं बंद होतं. घरात तेवढ्या एका गोष्टीमुळे सगळे खूश होते.

माझ्या गळ्याची गंमत अशी की तो आमच्या गावी आळंदात चालायचा आणि गुलबर्ग्याला रेडिओवर गेला की बसायचा. शहराचं नाव कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडी गुलबर्गाच आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात आमचं भजनी मंडळ बसतं आणि तिथं गेली कित्येक वर्षं मीच पुढं गाते. मराठी अभंग झाला की शिवशरणांचं कन्नड वचन, मग पुन्हा अभंग. देवळात वरचा सा लावताना मला कधी विचार करावा लागला नाही. रेडिओच्या स्टुडिओत मात्र दोन्ही वेळा अंतऱ्यात वर चढताना, अगदी त्याच जागी, आवाज फाटला. परीक्षक काचेपलीकडे बसतात, ते दिसत नाहीत. नुसता स्पीकरमधून "धन्यवाद" ऐकू येतो. भाकरी थापताना मला तो धन्यवाद मधूनच ऐकू यायचा आणि भाकरी कडेला फाटायची.

सगळ्यांनी निदान एकच केलं. "तू घाबरतीस." पहिल्यांदा मी वाद घातला. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मीही मान्य करून टाकलं. माणसानं एकदा स्वतःला घाबरट ठरवलं की ते गाण्यापुरतं राहत नाही. बँकेत काउंटरवर बोलायला मी मुलाला पुढं करू लागले. अक्कलकोटला मोठा कार्यक्रम होता, तिथं मी आपणहून मागं बसले आणि टाळ वाजवला. तिसऱ्या वेळी अर्ज केला तो नवऱ्याच्या आग्रहानं. मी मनाशी ठरवलं होतं की ही शेवटची. जमलं तर जमलं, नाहीतर रेडिओचं नाव काढायचं नाही आणि आपण भित्र्या आहोत हे मरेपर्यंत कबूल करायचं. त्रेपन्नाव्या वर्षी बाईनं किती वेळा परीक्षेला बसायचं?

इथं पट्टीचं सांगायला हवं. पेटीवरच्या ज्या सुराला आपण सा धरतो, ती आपली पट्टी. माझी काळी पाच, म्हणजे बरीच उंच. लग्नाआधीपासूनची. आमच्या भागात एवढ्या उंच पट्टीत गाणारी दुसरी बाई नव्हती आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही. दुसरी एखादी बाई काळी चारमध्ये, म्हणजे जरा खाली, गाऊ लागली की मी कौतुकानं मान हलवायची, पण ती मान जरा जास्तच हलायची.

मला स्वतःला पेटी येत नाही. पेटी नवऱ्याची. ते तुरीच्या अडतीवर मुनीम आहेत. दिवसभर भावावरून चाललेली भांडणं ऐकतात आणि संध्याकाळी पेटी उघडतात. बोलणं कमी. आमच्या संसारात मी बोलत आले आणि ते साथ करत आले. मी गायला बसले की एकदा त्यांच्या बोटाकडं बघायची. बोट काळी पाचवर असायचं. मग मी डोळे मिटायची.

ऑडिशनच्या दिवशी सकाळी नवऱ्याची अवस्था माझ्याहून वाईट होती. चहा कपात तसाच निवला. शर्टाची बटणं खालीवर लागली. बसमध्ये ते तळवे पँटला पुसत होते आणि मधूनच माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, मग खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तुरीची रानं होती, ती तर ते रोजच बघतात.

मी वैतागले. म्हटलं, "गायचं मला हाय आन घाम तुमाला यायलाय."

"उकडायलंय," ते म्हणाले. माघ महिना होता.

रेडिओ केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो. आधीच्या बाईचं गाणं दारातून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मी ज्येष्ठमध चघळत श्वास धरून ठेवायला लागले. तेवढ्यात नवरा म्हणाला, "ऐक. आत पट्टी इचारतील. काळी चार सांग."

धरलेला श्वास सुटला. "कामून? माझी काळी पाच हाय."

"काळी चार सांग म्हणलो ना."

"माझ्यावर भरोसा न्हाई म्हणून सरळ सांगा की."

"भरोशाचं न्हाई गं." त्यांनी पुन्हा तळवे पुसले. "तू काळी चारमधीच म्हणायलीस. लई वर्सं झाली."

मला आधी काही समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. आमची पेटी चेंजर आहे. तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा सांगाडा डावी-उजवीकडं सरकवता येतो. तो दोन घरं डावीकडं सरकवला की बोट काळी पाचवर ठेवलं तरी सूर काळी चारचा येतो. एका थंडीत मला मोठा खोकला झाला होता. त्यातून उठल्यावर माझा आवाज वर जाताना ओढतोय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी एक घर सरकवलं. माझ्या लक्षात आलं नाही. पुढं दोनेक वर्षांनी आणखी एक. तंबोऱ्याचं मशीनही तेच लावायचे. मी डोळे उघडून बोट बघायची, ते काळी पाचवरच असायचं, आणि मी समाधानानं डोळे मिटायची.

"आन पैल्या टायमाला इथं आलो तवा?"

"वाटलं, निभावून न्हेशील. फाटला तवा मलाबी वाटलं, घाबरली असंल."

"आन दुसऱ्या टायमाला?"

ते म्हणाले, "तवा सांगणारच हुतो. बसमधी सांगणार हुतो. मग स्टँडवर. मग इथं बसलो तर तुझं नावच पुकारलं. धीर झाला न्हाई."

"अप्पाला ठावं हाय?" अप्पा म्हणजे आमच्या मंडळाचे तबलजी, वयानं सगळ्यांत मोठे.

"मग तबल्याचा सूर खाली कुणी उतरवला?" नवरा म्हणाला.

म्हणजे अप्पांना माहीत होतं. अप्पांना माहीत म्हणजे टाळकऱ्यांना माहीत. दर गुरुवारी मी देवळात मान ताठ करून काळी पाच गात होते आणि सगळं मंडळ माझं मन राखून काळी चार वाजवत होतं. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. इथं अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते घरच्याच माणसानं केलं होतं.

मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. दोन वेळा मी नापास झाले ती भीतीनं नाही. गळा जिथं उरलाच नव्हता तिथला सूर मी केंद्राच्या न सरकवलेल्या पेटीवर मागत होते, आणि हे माहीत असलेला माणूस बाहेर बाकावर बसून होता. एवढ्या वर्षांत मला घाबरट म्हणताना त्यानं सगळ्यांना ऐकलं. बँकेत मी मुलाच्या मागं उभी राहिले तेही बघितलं. माझ्या गळ्याचं वय त्याला माझ्याआधी ऐकू आलं, हे ऐकून दुसरी कुणी विरघळली असती. मला त्याला बसस्टँडवर सोडून यावंसं वाटलं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत केंद्राचा पेटीवाला बसला होता. त्यानं कन्नडमध्ये बसायला सांगितलं आणि विचारलं, "पट्टी, अक्का?"

खरं सांगते, काळी पाच ओठांवर आलं होतं. आवाज फाटू दे, धन्यवाद ऐकू येऊ दे, आणि मग घरी जाऊन आयुष्यभर त्याच्या डोक्यावर तो धन्यवाद मारू दे. पण एवढं सगळं करायला अंगात ताकद लागते. मी दमले होते. औषधांनी दमले होते, श्वास मोजून दमले होते, आणि उंच राहण्याचाही मला कंटाळा आला होता.

"काळी चार," मी म्हटलं.

वचन झालं, मग अभंग. अंतऱ्यात वर चढायची जागा आली तेव्हा मी सवयीनं भीतीची वाट बघितली. ती आली नाही. वरचा सा अंधारात घरातल्या दिव्याचं बटण सापडावं तसा हाताशी होता. मी त्यावर थांबले, हवं तेवढं थांबले. आनंद वगैरे काही झाला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं की दमल्याचं, मला आजही सांगता येत नाही. काचेपलीकडून धन्यवाद आला. तो आधीच्यासारखाच होता.

बाहेर आले तर नवरा बाकावरून उठून उभा होता, चेहरा पांढराफटक. त्याला काही विचारायचंही धाडस होत नव्हतं. मी पर्समधून ज्येष्ठमध, खडीसाखर आणि अंगाऱ्याची पुडी काढली आणि सगळं त्याच्या हातात दिलं.

"घ्या," म्हटलं. "घाबरट तुमी हाव. मी न्हाई."

त्यांनी ते निमूटपणे खिशात ठेवलं. आळंद येईपर्यंत मी खिडकीबाहेरची तुरीची रानं बघत बसले. आपलेच दात, आपलेच ओठ, भांडायचं तरी कुणाशी? आठवडाभर मी जेवण वाढलं, पण त्यांनी पेटी उघडली की आतल्या खोलीत जायची.

दीडेक महिन्यानं निकाल आला. मी दारात तूर पाखडत होते. नवरा आला, चप्पलही काढली नाही, समोर उभा राहिला आणि माझ्या डोळ्यांकडं बघून म्हणाला, "न्हाई झालं."

मी सूप खाली ठेवलं. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? आता सांगायला खोकला नव्हता, भीती नव्हती, पट्टीही नव्हती. मी नीट गायले आणि त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली. बँकेत आता मी एकटी जाते.

निकालानंतरच्या गुरुवारी देवळात मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "पट्टी काळी चार." अप्पांचा तबल्यावरचा हातोडा हवेतच थांबला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पेटीचा सांगाडा सरकवून मूळ जागी आणला आणि बोट काळी चारवर ठेवलं. अप्पा तेवढे खोकल्याचं निमित्त करून हसले.

यंदाच्या थंडीत मला पुन्हा खोकला झाला. बरी झाल्यावर पहिल्यांदा रियाजाला बसले. पहिलाच अभंग झाल्यावर नवऱ्यानं भाता थांबवला. त्यांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. मी ते बघितलं आणि मुद्दाम काही मदत केली नाही.

"आता आनखी एक घर खाली, पांढरी पाच करून बघू का?" त्यांनी विचारलं.

"बघा," मी म्हटलं.

आणि मग मी डोळे मिटले, त्यांच्या बोटाकडं न बघता.