चार चढायची, चार उतरायची

अल्बममध्ये गाणी आठ: चार चढायची, चार उतरायची. एका तरुण गायकाचं नाव कसं झालं आणि कसं गेलं, ही एकच गोष्ट आठ गाण्यांत सांगायची, असं धम्मानंद गजभियेनं ठरवलं होतं. गायक अर्थात तो स्वतःच. अडचण एवढीच, की लिहायला बसल्यावर त्याचं चढणं दीड गाण्यातच आटोपलं.

बाविसाव्या वर्षी कुहीला भीमगीतांच्या कार्यक्रमात मुख्य गायकाचा घसा बसला आणि आयोजकांनी धम्मानंदला उभं केलं. त्याचं एक गाणं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. पुढे दोन वर्षं पोस्टरवर त्याचा फोटो यायचा, सगळ्यात खालच्या ओळीत, पासपोर्ट साइजचा. मग लोकांना नवे गायक मिळाले. दारू नाही, प्रेमभंग नाही, कुणी दगाही दिला नाही. आपलं पडणं इतकं मिळमिळीत असावं याची त्याला लाज वाटायची. शेवटी गाण्यातल्या गायकाला त्यानं तीन गाणी दारू पाजली आणि स्वतः कळमेश्वरच्या कारखान्यात पॅकिंगला जात राहिला.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. अपेक्षाशी लग्न झालं तेव्हा त्याचं गाणं सुटलेलं होतं. नऊ वर्षांत तिनं त्याला माइकसमोर कधी पाहिलंच नव्हतं. पाहुण्यांसमोर तो 'एके काळी मी...' म्हणून सुरू झाला, की ती भाजी बघायला उठायची. तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्याला गायक म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. छत्तिसाव्या वर्षी असलं मागणं पॅकिंगच्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं.

इंदोऱ्यातला स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच. हार्मोनियमवर त्याच्या जुन्या गायनपार्टीतले म्हातारे बाबाराव, काचेपलीकडे मशीनवर पियुष. रविवारी दुपारी शेवटचं गाणं राहिलं होतं. त्यात तो गायक रिकाम्या मंडपात रिकाम्या खुर्च्यांसमोर गातो. धम्मानंदनं डोळे मिटले. आवाज असा लागला की बाबारावांचीही मान डोलायला लागली. 'ऐकणारं आता उरलं न कुणी' ही ओळ दुसऱ्यांदा घेताना त्यानं डोळे उघडले, तर काचेपलीकडे अपेक्षा! डबा द्यायला आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातातली दहाची नोट तिनं काचेला टेकवून धरली होती.

मैफलीत नोट दिसली की गाणं थांबवायचं, देणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि मग पुढं गायचं. ही सवय त्याच्या हाडात मुरलेली. हात आपोआप कपाळाला गेला.

"अपेक्षाताई गजभिये यांच्याकडून दहा रुपये बक्षीस! ताई, मनापासून जयभीम!"

बाबारावांनीही त्याच सवयीनं झोकात दोन सूर वाजवून गाणं परत उचलून दिलं, आणि धम्मानंद ते शेवटपर्यंत गाऊन मोकळा झाला.

पियुष पोट धरून हसत होता. "दादा, रिकाम्या मंडपात बक्षीस कोनं देलं जी?"

धम्मानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांनी असा आवाज लागला आणि आपणच त्याची माती केली. त्यातून बायकोला ताई!

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

"काहून गा?" बाबाराव म्हणाले. "बेस तर झालं."

तरी पुन्हा घेतलं. चूक एकही झाली नाही. पण ती ओळ आली की नजर काचेकडं जायची, आणि तिथं डबा छातीशी धरून ती उभीच. तिच्या तोंडावर खोटं बोलतो आहोत असं त्याला वाटत राहिलं. गाणं कोरडं झालं.

अपेक्षा आत आली आणि तिनं नोट त्याच्या खिशात कोंबली. "मले वाटे, तुमी नुसतं फेकून राहिले. तुमी तं खरंच गायक निंघाले जी." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पन मले ताई काहून म्हटलं?"

"सवय वं," तो म्हणाला.

पियुषनं काचेपलीकडून विचारलं, "दादा, कोनतं ठेवू?"

"पयलं."

"नावासगट?"

"नावासगट," धम्मानंद म्हणाला. "अख्ख्या अल्बममंदी तेवढंच तं खरं हाय."