दोन लाल चेहरे

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मला रोझेशिया आहे. नाक-गाल लाल होतात, बारीक पुरळ येतं, आग आग होते. ऊन, मिसळ, वाफाळता चहा — काहीही निमित्त पुरतं. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण समूळ जातही नाही, सांभाळावा लागतो. मी मात्र तो लपवायचे. बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ — पुण्यात त्याचं कुणाला नवल? — आणि घरात मेकअपचा थर. सासूबाई म्हणायच्या, हिला नटायची भारी हौस. म्हणू देत.

वरच्या मजल्यावर सुहास राहतो. त्याचंही नाक लालभडक. पण पुरुषाने स्कार्फ कसा बांधायचा? हा पितो, असं सोसायटीने ठरवूनच टाकलेलं. एकदा नारायण पेठेत, त्वचेच्या डॉक्टरांकडे, तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर. दोघांचा आजार एकच निघाला. माझा पडलेला चेहरा बघून तो एवढंच म्हणाला, "काळजी करू नका वहिनी, मी कुणाला बोलणार नाही."

पुढे त्याच्यासाठी एक स्थळ आलं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. चौकशीला तिचे काका आमच्याकडे आले. सासूबाई शेजारीच बसलेल्या. काकांनी आवाज खाली आणला. "मुलगा घेतो का हो?"

नाही — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग त्याचं तोंड असं का, हा प्रश्न आलाच असता. रोझेशिया म्हटलं असतं, तर तुला गं कसं ठाऊक, हे सासूबाईंनी विचारलंच असतं.

मी हसले. "तोंड बघितलंत ना त्याचं? मग मला कशाला विचारताय?"

सासूबाईंनाही हसू आलं. काका अर्धा चहा तसाच ठेवून उठले. स्थळ मोडलं. मी घाबरले होते, हे खरं — पण बोलणं सगळं त्याच्याच चेहऱ्याबद्दल झालं, म्हणून मला बरंही वाटलं. हे सांगायलाच जास्त जड जातंय.

कोण काय बोललं, ते सुहासला कधी कळलं नाही. काही दिवसांनी जिन्यात भेटला तेव्हा आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाला, "चहा कोमट करून पीत जा वहिनी. आणि ढगाळ असलं तरी सनस्क्रीन सोडू नका. मला फरक पडलाय."

मी तसंच करते. चेहरा आता बराच निवळलाय. सुहास अजून एकटाच आहे. माझी गोष्ट त्याने आजवर कुणाला सांगितलेली नाही.