कोर्स कुठलाही चालतो

एजंटच्या ऑफिसात बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "शिकून झाल्यावर नोकरीचं परमिट मिळेल ना?" तो म्हणाला, "काका, कोर्स कुठलाही चालतो. दोन वर्षांचा असला म्हणजे झालं." शिकणार मी, विचारणार बाबा, आणि निवडणार तो मेला! पण आमच्या नाशिकात तेव्हा सगळ्यांचं असंच चाललेलं. कॅनडाचं कॉलेज म्हणजे तिकीट. तिकिटावर काय छापलंय ते कोण वाचत बसतंय?

मला मिळालं जनरल आर्ट्स. म्हणजे थोडं तत्त्वज्ञान, थोडा इतिहास, आणि निबंधांवर निबंध. बी.कॉम. झालेली मी टोरांटोतल्या एटोबिकोच्या एका बेसमेंटमध्ये बसून 'न्याय म्हणजे काय' यावर लिहीत होते आणि शनिवार-रविवार कॉफीच्या दुकानातलं वॉशरूम घासत होते. हसू नका. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. वर्गात सर विचारायचे, "तुला काय वाटतं?" आमच्याकडे असं कुणी विचारलं की समजायचं, आता बोलणी बसणार. इथे ते खरंच ऐकून घ्यायचे.

शेजारी बसणारी मुलगी इथलीच. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून ती या कोर्सला आलेली. ठरत नव्हतं म्हणून! माझ्या एका टर्मच्या फीमध्ये तिचा अख्खा कोर्स उरकत होता. तिचा राग नाही यायचा, बिचारी डब्यातलं अर्धं मला द्यायची. पण फीत गेलेले बाबांच्या निवृत्तीचे पैसे आठवले की तो डबा मी परत तिच्याकडे सरकवायचे.

तिसऱ्या टर्मला मी कॉलेजच्या ऑफिसात सहज विचारायला गेले, परमिटसाठी अप्लाय कधी करायचं. काउंटरवरच्या बाईंनी कोर्सचं नाव बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, "सॉरी, या विषयावर परमिट मिळत नाही." मी म्हटलं, मग हा कोर्स लोक करतात तरी कशाला? त्या म्हणाल्या, इथले क्रेडिट घेऊन पुढे युनिव्हर्सिटीत जातात. वर्गातली माझी शेजारीण तेच करणार होती, इंग्लंडातल्या नव्हे, इथल्या कॅनडातल्याच लंडनच्या युनिव्हर्सिटीत तिची जागा पक्की झाली होती. मार्क माझे तिच्यापेक्षा चांगले होते. पण तिथली फी भरणार कोण? कपाळ माझं!

एजंटला फोन लावला. "मॅडम, नियम बदलत असतात, त्याला मी काय करू?" असं म्हणून त्यानं मला ब्लॉक केलं. तोंडाला पानं पुसून मोकळा झाला.

शेवटी आईला फोनवर सगळं सांगितलं. रडत रडत म्हटलं, "कोर्स संपला की घरीच येते गं. इथे आता राहता येणार नाही."

आई हळूच म्हणाली, "दादाचं लग्न ठरत आलंय. मुलीकडच्यांना सांगितलंय, बहीण कॅनडात सेटल आहे, पुढेमागे या दोघांनाही बोलावून घेईल. थोडं थांबता येईल का तुला तिकडे? कसंही?"

"कसंही म्हणजे कसं, आई?"

"ते मला काय कळतंय बाई," आई म्हणाली, "तू शिकलेली आहेस."